विश्लेषण : फोनला लोकेशन सापडायला कधी दोन सेकंद, कधी दोन मिनिटे का लागतात?

कात्रज चौकात बसथांब्यावर उभे राहून नकाशाचे ॲप उघडले, की निळा ठिपका लगेच जागेवर बसतो. तोच फोन घेऊन जुना घाट चढावा आणि बोगद्याच्या वर, वाघजाई मंदिराच्या बाजूला रेंज गेलेली असताना ॲप पुन्हा उघडावे, तर ठिपका राखाडी होऊन खालीच कुठेतरी अडकलेला दिसू शकतो. खरे तर चौकात इमारतींची दाटी आहे आणि वर आकाश मोकळे. उपग्रह वरच जास्त चांगले ‘दिसायला’ हवेत, आणि ते दिसतातही. तरी उशीर होतो. कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक करणाऱ्यांसाठी, किंवा बाह्यवळण मार्गावर अपघात झाल्यावर रुग्णवाहिकेला लोकेशन पाठवणाऱ्यांसाठी हा उशीर महागात पडू शकतो.

उपग्रह फोनला काय सांगतो?

फोन उपग्रहाला काही विचारत नाही. उपग्रहाला तर फोन अस्तित्वात आहे याचाही पत्ता नसतो. अमेरिकेच्या ‘जीपीएस’ यंत्रणेचे सुमारे ३० उपग्रह जमिनीपासून २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि रेडिओ केंद्रासारखे अखंड प्रक्षेपण करत असतात. त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात : या क्षणी आपल्या अणुघड्याळात किती वाजले आहेत आणि आपण अवकाशात नेमके कुठे आहोत. हा संदेश जमिनीवर यायला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. संदेश निघाला कधी आणि पोहोचला कधी, यातील फरकावरून फोन त्या उपग्रहाचे अंतर काढतो.

या हिशेबात घड्याळ एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, चुकले तर अंतर ३०० मीटरने चुकते. फोनमधले घड्याळ साधे, स्वस्तातले असते. म्हणून ठिकाण काढायला तीन उपग्रह पुरेसे वाटत असले तरी चौथा लागतोच. फोनच्या घड्याळाची चूक त्याच्याकडून कळते.

शिवाय हा संदेश अतिशय क्षीण असतो. एका वॅटचे एक कोटी भाग करावेत, त्यातला एक भाग घेऊन त्याचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत. जमिनीवर पोहोचणारी शक्ती त्यातल्या एका भागाच्या आसपास भरते. छप्पर, दाट झाडी, डोंगराचा कडा यांपैकी कशानेही ती आणखी कमी होते.

मग वेळ नेमका कुठे जातो?

वेळ संदेश येण्यात जात नाही, तो ‘वाचण्यात’ जातो. जीपीएसचा मूळ संदेश सेकंदाला अवघे ५० बिट या वेगाने येतो. ही यंत्रणा १९७०च्या दशकात आखली गेली आणि कमकुवत संदेशही खात्रीने वाचता यावा म्हणून वेग मुद्दाम इतका कमी ठेवला गेला. या वेगाने व्हॉट्सॲपवरचा २०० केबीचा एखादा ‘सुप्रभात’चा फोटो पाठवायचा म्हटला, तर सुमारे नऊ तास लागतील.

उपग्रहाचा एक पूर्ण संदेश १५०० बिटांचा, म्हणजे ३० सेकंदांचा असतो. त्या उपग्रहाच्या कक्षेचा आणि घड्याळाचा नेमका तपशील त्यातल्या पहिल्या १८ सेकंदांत येतो. हा तपशील हाती आल्याशिवाय फोनला गणित मांडता येत नाही. उरलेल्या १२ सेकंदांत सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक तुकड्या-तुकड्याने येते. ते पूर्ण व्हायला असे २५ संदेश, म्हणजे साडेबारा मिनिटे लागतात.

त्या १८ सेकंदांत फोन झाडाखाली गेला किंवा कड्याच्या आडोशाला आला आणि काही बिट हुकले, तर हुकलेला भाग पुढच्या फेरीत पुन्हा येईपर्यंत थांबावे लागते. लोकेशन सापडत नाही म्हणून माणूस फोन हातात धरून इकडे-तिकडे फिरू लागतो आणि नेमके हेच उलटे पडते. मोकळ्या जागी एक-दोन मिनिटे शांत उभे राहिले, तर ठिपका लवकर लागतो.

फोनकडे आधीची किती माहिती शिल्लक आहे त्यावर उशीर ठरतो. काहीच नसेल, तर त्याला तंत्रज्ञ ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. हिवाळ्याच्या सकाळी जुन्या स्कूटरला किक मारावी तसा हा प्रकार. मिनिटे लागू शकतात. ढोबळ वेळापत्रक, वेळ आणि साधारण जागा माहीत असेल तर ‘वॉर्म स्टार्ट’, त्याला अर्धा मिनिट किंवा थोडा अधिक. आणि उपग्रहांचा ताजा तपशील आधीच हाताशी असेल तर ‘हॉट स्टार्ट’ : काम सेकंदा-दोन सेकंदांत. मात्र हा ताजा तपशील टिकतो साधारण चार तास. काल रात्रीचा आज सकाळी कामाचा नसतो.

चौकात ठिपका लगेच कसा लागतो?

कारण तिथे फोन उपग्रहाचे सगळे ऐकून घेत बसत नाही. उपग्रहांच्या कक्षांचा तपशील तो इंटरनेटवरून मागवतो. आकाशातून ३० सेकंदांत येणारी माहिती मोबाइल नेटवर्कवरून क्षणात येते. जवळच्या टॉवरवरून फोनला साधारण जागा आणि वेळही कळते, त्यामुळे डोक्यावर कोणते उपग्रह असतील याचा अंदाज त्याला आधीच येतो. सगळे जीपीएस उपग्रह एकाच लहरीवर बोलतात. प्रत्येकाची खूण वेगळी असते. मदत नसेल तर फोनला एकेक खूण लावून पाहावी लागते. शिवाय उपग्रह सेकंदाला जवळपास चार किलोमीटर वेगाने धावत असल्याने त्याची लहर थोडी वर-खाली सरकलेली असते, तीही चाचपावी लागते. मदत मिळाली की ही शोधाशोध बरीच कमी होते. या पद्धतीला ‘असिस्टेड जीपीएस’ म्हणतात. फोनच्या वैशिष्ट्यांच्या यादीत ‘ए-जीपीएस’ असे लिहिलेले असते ते हेच.

या पद्धतीला वेग आला तो तातडीच्या मदतीच्या गरजेतून. अमेरिकेत १९९६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने मोबाइल कंपन्यांना बंधन घातले, की ९११ या क्रमांकावर फोन करणारा माणूस कुठे आहे ते कळले पाहिजे. जीव धोक्यात असलेला माणूस कोल्ड स्टार्टची वाट पाहू शकत नाही. तेव्हा फोनला नेटवर्ककडूनच मदत द्यायची, ही कल्पना व्यवहारात आली. भारतात दूरसंचार विभागाने एप्रिल २०१६ मध्ये नियम काढला आणि १ जानेवारी २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये जीपीएसची सोय बंधनकारक केली. कारण हेच, संकटातील माणसाचा शोध.

पहिला ठिपका खरा असतो का?

शहरात ॲप उघडल्याबरोबर दिसणारा पहिला ठिपका अनेकदा उपग्रहाचा नसतोच. तो असतो टॉवर आणि वाय-फायचा. आजूबाजूच्या घरांतले, दुकानांतले वाय-फाय राउटर कुठे आहेत याची मोठी नोंदवही गुगल, ॲपल यांसारख्या कंपन्यांकडे असते. फोनला कोणकोणते राउटर ‘ऐकू’ येतात त्यावरून जागा ठरते. म्हणून धनकवडीतल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, आतल्या खोलीत बसूनही लोकेशन बरे सापडते. याच्या गमतीही होतात. एखादे कुटुंब राउटरसह दुसऱ्या गावी राहायला गेले, तर काही दिवस त्यांचा फोन घरात बसून जुनाच पत्ता दाखवू शकतो.

नकाशावर ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ दिसते ते शोभेसाठी नाही. आपण या वर्तुळात कुठेतरी आहोत, एवढेच फोन सांगत असतो. फक्त टॉवरवर विसंबले असेल तर ते काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंतही असू शकते. उपग्रह लागले की ते आकसते. उघड्यावर चांगल्या फोनमध्ये चूक पाच-दहा मीटरच्या आत येते.

आजचे फोन एकट्या जीपीएसवर अवलंबून नसतात. रशियाची ‘ग्लोनास’, युरोपची ‘गॅलिलिओ’, चीनची ‘बैदू’ या यंत्रणांचे उपग्रहही ते वापरतात. दरीत किंवा उंच इमारतींमध्ये आकाशाचा तुकडाच दिसत असेल, तेव्हा त्या तुकड्यात चार उपग्रह मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढते. भारताची ‘नाविक’ यंत्रणा काही फोनमध्ये आहे. तिच्या आधीच्या उपग्रहांत फोनना सोयीची एल-१ लहर नव्हती. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून ती आली. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. त्यामुळे तूर्त भिस्त परदेशी उपग्रहांवरच जास्त आहे.

नव्या बोगद्यात काय होते?

बाह्यवळण मार्गावरचा नवा कात्रज बोगदा किलोमीटरहून थोडा लांब आहे. आत उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही. तरीही नकाशावरची गाडी पुढे सरकताना दिसते, कारण ॲप आधीचा वेग आणि फोनमधले संवेदक यांवरून अंदाज बांधते. बाहेर पडताच उपग्रह पुन्हा लागायला फार वेळ लागत नाही, ही हॉट स्टार्टच असते. पण बोगद्यानंतर नवले पुलाकडे जाणारा तीव्र उतार सुरू होतो, आणि पुढे महामार्ग व सेवा रस्ता अगदी शेजारी-शेजारी धावतात. दोन रस्त्यांत दहा मीटरचेच अंतर असेल, तर फोनची चूकही तेवढीच असू शकते. ॲप सेवा रस्त्याला महामार्ग समजते ते यामुळे. तिथे ॲपपेक्षा रस्त्यावरच्या पाटीवर भरवसा ठेवलेला बरा. शेवटच्या क्षणी लेन बदलण्यासाठी हा उतार चांगला नाही.

रात्रीच्या ट्रेकला काय करावे?

कात्रज-सिंहगड वाटेवर टेकड्यांमागून टेकड्या ओलांडाव्या लागतात आणि अंधारात एक सोंड चुकली, की माणूस भलत्याच गावाकडे उतरतो. तिथे रेंज गेली की ‘जीपीएस बंद पडले’ असे म्हटले जाते. जीपीएस इंटरनेटशिवायही चालते. बंद पडते ते नकाशाचे चित्र उतरणे आणि वर सांगितलेली नेटवर्कची मदत. म्हणून घरीच वाय-फायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवावा, आणि रेंज असेपर्यंत, म्हणजे कात्रजलाच, नकाशा उघडून ठिपका नीट लागू द्यावा. पुढचे काही तास फोनकडे ताजा तपशील राहतो. फोन विमान मोडवर टाकून बॅटरी वाचवता येते; बहुतेक आजच्या फोनमध्ये त्या अवस्थेतही उपग्रहांचे ग्रहण चालू राहते. बॅटरी सेव्हर मात्र अनेक फोनमध्ये स्क्रीन बंद होताच लोकेशनही बंद करतो, हे निघण्यापूर्वी तपासावे.

वाट चुकलीच, तर नकाशावर ठिपक्यावर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. या भागात ते १८.३ किंवा १८.४ आणि ७३.७ किंवा ७३.८ असे सुरू होतात. दशांश चिन्हानंतर चार आकडे दिले, तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी होते. दोनच दिले, तर किलोमीटरभराचा घोळ. इंटरनेट चालत नसले तरी एखादा एसएमएस जाण्याइतकी रेंज माथ्यावर कधी कधी मिळते. त्यासाठी एवढे आकडे पुरतात.

रुग्णवाहिकेला लोकेशन पाठवताना?

घाईत माणूस व्हॉट्सॲप उघडतो आणि आलेला पहिलाच ठिपका पाठवून मोकळा होतो. तो टॉवरचा असेल, तर रुग्णवाहिका भलतीकडे जाते. ‘सध्याचे लोकेशन पाठवा’ याच्याखाली अचूकता किती मीटर आहे ते लिहिलेले असते. गाडीबाहेर, सुरक्षित जागी उभे राहून तो आकडा वीस-पंचवीसच्या खाली येईपर्यंत थांबावे. बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात तो उतरतो. तोपर्यंत १०८ किंवा ११२ वर बोलणे सुरू करता येते. फोनवर तोंडी सांगायची एक गोष्ट मात्र ठिपक्यात खात्रीने दिसत नाही : गाडी साताऱ्याकडे जाणाऱ्या बाजूला आहे की मुंबईकडे जाणाऱ्या. मधला दुभाजक ओलांडता येत नाही, आणि चुकीच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला पुढे जाऊन वळून यावे लागते. जवळचा किलोमीटरचा दगड, बोगद्याच्या अलीकडे की पलीकडे, एखाद्या पेट्रोल पंपाचे नाव, एवढे त्याच्या जोडीला सांगावे.