जहाज गेलं, चित्र राहिलं



'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळयुद्धाचा गेम २००३ साली आला. यात जहाज फुटलं की कायमचं गेलं. नवीन हवं तर पुन्हा कमवा. म्हणून खेळाडू स्क्रीनशॉट जपतात. कंट्रोल-एफ९ दाबलं की बटणं, आकडे सगळं गायब. उरतं फक्त जहाज आणि आकाश. त्यावरून कोणी हाताने चित्रंही काढतात.

जानेवारी २०१४ मधली बी-आर५आरबीची लढाई सुमारे २१ तास चालली. ७५ अजस्र 'टायटन' जहाजं गेली. सर्व्हर झेपेना म्हणून गेममधला वेळच दहापट संथ झाला होता! न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयाने २०१३ मध्ये हा गेम मांडला, तेव्हा एवढं जग दाखवणार कसं? शेवटी खेळाडूंनीच टिपलेल्या दृश्यांचा व्हिडिओ लावला.

माझं पहिलं जहाज मागच्या सेमला फुटलं. स्क्रीनशॉट काढलाच नव्हता. मग आठवून आठवून ड्रॉइंग शीटच्या मागे काढलं. रूममेट म्हणाला, "इस्त्री का रे ही?"

हसा खुशाल. पण माझ्याकडे तेवढंच उरलंय.