मृगाचा पाऊस व चढणीचे मासे

रोहिणीच्या अखेरीस आभाळ भरून येऊं लागलें म्हणजे शेतकऱ्याचें लक्ष बियाण्याकडे व अवजारांकडे लागतें. त्याच दिवसांत कोंकणपट्टींतील गांवीं आणखी एका गोष्टीची वाट पाहिली जाते, ती चढणीच्या माशांची. ठाणें-रायगडाकडे हिलाच वलगण म्हणतात. मृगाच्या दोन-तीन दमदार सरी होऊन ओढ्यास गढूळ पाणी आलें, कीं डोहांतील मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि ओहोळांतून व बांधांच्या फुटींतून थेट भातखाचरांत शिरतात. लोक दिवे व कोयते घेऊन रात्रभर त्यांच्या मागें असतात. या माशांची गोडी आम्हांसही ठाऊक आहे. तथापि ज्या खाचरांत ही शिकार होते तीं आपल्या मालकीचीं असल्यामुळें तिचा जमाखर्च वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मासा याच वेळीं कां चढतो? उन्हाळ्यांत डोहांतील पाणी आटतें व तापतें, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. मासे मंदावतात व खोल जागा धरून राहतात. परंतु याच महिन्यांत मादीच्या पोटांत अंडीं तयार होत असतात. पाऊस पडतांच पाणी थंड होतें, चढतें, गढूळतें व वेगानें वाहूं लागतें. शेतकरी जसा वाफसा पाहून तिफण धरतो, तसा मासा हीं चिन्हें ओळखून वर निघतो. नव्यानें भरलेल्या उथळ खाचरांत पिलांना पुरेसें सूक्ष्म खाद्य असतें, व मोठ्या भक्षक माशांचा उपद्रव तेथें कमी असतो.

हवामानाचा हा अधिकार किती मोठा आहे, हें रोहू, कटला व मृगळ या माशांवरून दिसतें. साध्या तळ्यांत ते चांगले पोसतात, पण सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. बंगालमधील बांकुरा व मेदिनीपूर भागांत बांध घालून पावसाचें वाहतें पाणी तळ्यांत घेतात, तेव्हां तेथें त्यांची वीण होते. 1957 सालीं हिरालाल चौधरी यांनीं कटक येथें पीयूषग्रंथीचा अर्क टोंचून हे मासे विणविले. तेव्हांपासून मत्स्यबीजासाठीं केवळ पुराच्या पाण्यावर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं. पण ओढ्यांतील माशास असा अर्क कोण टोंचणार? त्याला मृगाचाच आधार.

आतां हिशेब पाहूं. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीपोटीं दोन लाखांच्या आसपास अंडीं असतात. ओढ्यांतील लहान माशांचीं अंडीं याहून पुष्कळ कमी, परंतु तत्त्व एकच. अंड्यांपैकीं फारच थोडीं मोठ्या माशाच्या रूपानें उरतात. म्हणूनच निसर्गानें तीं विपुल दिलीं आहेत. पोटांत अंडीं असलेली मादी वाटेंतच मारणें म्हणजे पेरणीपूर्वीं बियाणें दळून खाणें होय.

त्यांतच पाऊस लहरी. मृग बरसून आर्द्रांनीं दडी मारली, तर खाचरें आटून लाखों पिलें जागींच मरतात. हें नुकसान कोणास टाळतां येत नाहीं. पण त्याच वर्षीं विणीचे मासेही आपण मारले असले, तर पुढील सालीं डोहांत उरणार काय? मरळीची गोष्ट तर विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिचे नर-मादी पिलांच्या थव्याची राखण करतात. ते मारले कीं सगळा थवाच निराधार होतो.

एखाद्या गरिबानें टोपलीभर मासे नेल्यानें ओढा ओस पडत नाहीं. तो ओस पडतो कांठापासून कांठापर्यंत पात्र अडविल्यानें. म्हणून आमची सूचना अशी: पहिल्या पुराचे दोन-तीन दिवस वाट मोकळी सोडावी. पुढेंही सापळा किंवा जाळें पात्राच्या अर्ध्याहून अधिक रुंदीस लावूं नये. विष व सुरुंग यांस 1897 सालच्या मत्स्य कायद्यानेंच बंदी केली होती. विजेचा धक्का हा त्यांचाच नवा भाऊ समजावा, कारण त्यापुढें लहान-मोठा मासा सारखाच. पाऊस तोंडावर असतां खाचरांत कीटकनाशक फवारूं नये. उघडीप पडून पाणी आटूं लागल्यास खाचरांतील खळग्यांपासून ओहोळापर्यंत फावड्यानें एक चर काढून द्यावा. अर्ध्या तासाच्या श्रमांत हजारों पिलें वांचतील.

आणि मासे खावयाचेच, तर हस्त-चित्रांत पाणी ओसरतांना खावे. तेव्हां मासे परत खालीं उतरतात. मादीची वीण झालेली असते व पिलेंही बोटाएवढीं वाढलेलीं असतात. चढणीस वाट द्यावी, उतरणीस वाटा घ्यावा. बियाण्याच्या कणगीस हात न लावण्याची शिस्त आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे; तीच ओढ्यास लावावयाची, एवढेंच आमचें सांगणें आहे.