सामना पाहण्यास जाण्याचे दिवस

फुटबॉलचे सामने पाहण्यास जाण्याचे जुने दिवस, असा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकताच आपल्यापैकी कित्येकांच्या मनात येईल की, सेवानिवृत्त शिक्षकाला दुसरे काय सुचणार? पूर्वी सारे चांगले होते आणि हल्ली सारे बिघडले, एवढेच हे गृहस्थ सांगणार. ही शंका रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, आमच्या लहानपणचा खेळ आजच्यापेक्षा सरस होता असा माझा दावा मुळीच नाही. आज घरबसल्या दिसणारा युरोपातील खेळ आमच्या मैदानावरील खेळाहून कितीतरी चपळ आणि शास्त्रशुद्ध असतो. माझे सांगणे आहे ते पाहण्याविषयी. चालत जाऊन, उभे राहून, शेजारच्या माणसाबरोबर सामना पाहणे आणि घरात बसून तो पाहणे, या दोन क्रिया वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांत काय अंतर आहे, हे मला आपणापुढे मांडावयाचे आहे.

आमचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. येथील जामा मशिदीजवळ आमखास मैदान आहे. औरंगजेबाने बांधविलेला किल्ले अर्क तेथून जवळच. 'आम' म्हणजे सर्वसाधारण लोक आणि 'खास' म्हणजे निवडक लोक. दरबाराच्या या दोन प्रकारांवरून मैदानाला नाव पडले. परंतु मी ज्या दिवसांविषयी बोलत आहे, म्हणजे सुमारे १९६८ पासून पुढची दहा-पंधरा वर्षे, त्या दिवसांत मैदानाच्या कडेला उभा राहणारा प्रत्येक जण 'आम'च असे. वकीलही उभे, हमालही उभे. बसण्यास जागा नाही आणि प्रवेशाला पैसाही नाही. खिशात भाजलेल्या शेंगा आणि हातात छत्री, एवढ्या तयारीवर दुपार निघे.

सामन्यापूर्वीची तयारी पाहणे हीदेखील मोठी मौज असे. कोणी फक्कीने रेषा आखीत आहे, कोणी गोलखांबांना दोरी बांधीत आहे. आणि आम्हा मुलांचा घोळका चेंडूभोवती. त्या वेळचा चेंडू आजच्यासारखा गुळगुळीत व न भिजणारा नव्हता. चामड्याचे तुकडे शिवून केलेल्या खोळीला एक चीर ठेवलेली असे. तीतून रबरी ब्लॅडर आत सारावयाचा, पंपाने हवा भरावयाची, ब्लॅडरची नळी दुमडून दोऱ्याने आवळून बांधावयाची, ती आत दडपावयाची आणि मग चामड्याच्या वादीने ती चीर, बुटाची नाडी ओवावी तशी ओवून घट्ट करावयाची. वादीची बाजू कपाळावर आली की कातडे सोलून निघे. पावसाने चामडे भिजले की चेंडू इतका जड होई की, तो अर्ध्या मैदानापलीकडे नुसता पोचविणारा खेळाडूही आमच्या लेखी भीमसेन ठरे.

मी वडिलांचा हात धरून प्रथम तेथे गेलो तेव्हा इतर सर्व मुलांप्रमाणे चेंडूमागे डोळे पळवीत होतो. आमच्या शेजारी शिवणकाम करणारे एक गृहस्थ नेहमी उभे असत. सारे त्यांना चाचा म्हणत, मीही तसेच म्हणे. तरुणपणी ते कामानिमित्त हैदराबादेस राहिलेले होते आणि तेथील मोठमोठे सामने त्यांनी पाहिलेले होते. माझी मान चेंडूबरोबर इकडून तिकडे फिरते आहे हे पाहून ते मला एकदा म्हणाले, "मुन्ना, बॉल कू नक्को देख, खाली जगा कू देख." त्यांच्या दखनीतले ते 'नक्को' आपल्या मराठीतूनच तिकडे गेलेले. पण मला त्या वेळी शब्द कळले, अर्थ कळला नाही. चेंडू सोडून मोकळी जागा कशासाठी पाहावयाची?

अर्थ कळण्यास दोन पावसाळे लागले. फुटबॉलमध्ये एका वेळी बावीसांपैकी एकाच माणसापाशी चेंडू असतो. उरलेले एकवीस जण काय करीत असतात? चांगल्या संघातले खेळाडू त्या वेळी जागा निर्माण करीत असतात. एक जण उगाच डावीकडे धावतो, त्याच्यामागे विरुद्ध बाजूचा राखणदार ओढला जातो, राखणदाराने सोडलेली जागा मोकळी पडते आणि त्या जागेत तिसराच खेळाडू शिरतो. चेंडू तेथे पोचतो तो सर्वांत शेवटी. ज्याने जागा पाहिली त्याला गोल होण्याआधीच गोल दिसतो. ज्याने केवळ चेंडू पाहिला त्याला तो अकस्मात झाल्यासारखा वाटतो.

चाचांनी ही विद्या हैदराबादेत पाहून आणलेली होती, आणि ती तेथे कशी आली याची हकिकत प्रत्येक शिक्षकाने ऐकावी अशी आहे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे मार्गदर्शक. चेंडू पायाशी घोळवीत एकट्यानेच पुढे धावण्याची आपल्याकडील खेळाडूंना फार हौस. ती मोडण्यासाठी त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की, ज्यांत चेंडू घोळविण्याचीच मनाई. काही स्पर्धांत केवळ कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा. उजव्या पायाचा अभिमान असलेल्याला तेथे डाव्या पायाने धडे गिरवावे लागत. शाळेत आपण मुलाचे कच्चे विषय पक्के करून घेतो, तीच ही रीत. एकट्याने घोळविणे बंद झाले की खेळाडूला सोबत्याकडे आणि मोकळ्या जागेकडे पाहिल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

या शिकवणीचे फळ साऱ्या देशाने पाहिले. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची. आरंभीच्या काळात तीवर गोऱ्या पलटणींचाच ताबा असे. तीच स्पर्धा हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे आमच्या वडिलांची पिढी त्या संघाला 'आपला' संघ म्हणे. एका वर्षी वडील आणि त्यांचे मित्र मीटर गेजच्या गाडीने मनमाडपर्यंत गेले, तेथे गाडी बदलून मुंबईस पोचले आणि कूपरेजवर सामना पाहून उभ्या रात्रीच्या प्रवासाने परत आले. या सफरीचे वर्णन ते शेवटपर्यंत करीत. त्यात गोलांपेक्षा मनमाडच्या फलाटावर अनोळखी प्रवाशांशी झालेल्या वादाचाच भाग मोठा असे.

पुढे रहीमसाहेब भारतीय संघाचे मार्गदर्शक झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले होते. त्यानंतर आठच वर्षांनी, १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा याने त्या सामन्यात तीन गोल केले. त्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब निवर्तले. अलीकडे, २०२४ मध्ये, त्यांच्या जीवनावर 'मैदान' नावाचा हिंदी बोलपट निघाला, तेव्हा पुष्कळांना त्यांचे नाव प्रथमच कळले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मोकळी जागा पाहण्याची ही विद्या घरातल्या पडद्यावर का साधत नाही? कारण साधे आहे. कॅमेरा बहुधा चेंडूच्या मागे असतो. जेथे चेंडू तेथे तो, आणि जेथे तो तेथे आपण. दूरच्या कोपऱ्यात धावणारा खेळाडू चौकटीबाहेर राहतो. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मनुष्याला मात्र डोळे कोठे न्यावयाचे याची पूर्ण मुभा असते. तो चेंडू सोडून पलीकडच्या गोलरक्षकाची अस्वस्थता पाहू शकतो, थकलेल्या खेळाडूचे कमरेवर गेलेले हात पाहू शकतो. आणि शेजाऱ्याने बोट दाखविले की जे स्वतःच्या नजरेतून सुटले तेही पाहू शकतो. हे बोट दाखविणारे शेजारी पडद्याजवळ नसतात.

आमच्याकडे ही सामन्यास जाण्याची सवय कशी सुटली? माझी मजल मॅट्रिकपलीकडे गेलेली नाही, म्हणून इतिहासकाराच्या अधिकाराने मी बोलत नाही. पण पाहिले ते सांगतो. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मराठी मुलखात आला. ती गोष्ट योग्य आणि आनंदाचीच झाली. परंतु खेळाचे केंद्र जे हैदराबाद, त्याच्याशी असलेला आमचा धागा त्यामुळे हळूहळू विरला. पुढे १९८३ मध्ये भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि गल्लीतली मुले बॅट घेऊन धावू लागली. त्याच दशकात घरोघर दूरचित्रवाणी संच आले. १९८६ मध्ये मेक्सिकोतील सामने आम्ही मध्यरात्री जागून पाहिले. मॅराडोनाचा खेळ पाहिलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी आमखासवरचा चिखल कसा रुचावा? त्याला दोष कोण देणार?

परंतु जे गमावले ते केवळ मनोरंजन नव्हते. याविषयी एक प्रसंग सांगतो. तो सांगताना मला आजही संकोच वाटतो. एका वर्षी आमच्या शहरात दोन समाजांत तेढ माजली आणि संचारबंदी लागली. ती उठल्यावर काही आठवड्यांनी मैदानावर पहिला सामना ठरला. मी तेव्हा शिक्षक झालो होतो. मी गेलो, पण नेहमीच्या जागी उभा राहिलो नाही. लोक आपोआप दोन बाजूंना वाटले गेले होते, आणि मीही माझ्या बाजूच्या लोकांत जाऊन उभा राहिलो. समोरच्या रेषेपलीकडे, नेहमीच्या जागी, चाचा एकटेच उभे होते. मी त्यांना पाहिले. त्यांनी मला पाहिले की नाही हे कळावे इतके अंतर नव्हते असे नाही. पण मी तसे मानून घेतले आणि पूर्वार्ध तसाच काढला.

मध्यंतर झाले. चाचा मैदानाला वळसा घालून सावकाश चालत आमच्या बाजूस आले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. माझ्यापुढे उभे राहून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मास्तरसाब, इधर कायकू खडे? इधर से खाली जगा नई दिखती." एवढेच बोलून ते वळले आणि मी त्यांच्यामागे चालू लागलो. आणखी दोघे-तिघे आमच्याबरोबर आले. सारे आले असे नाही. उत्तरार्धात काय झाले, कोण जिंकले, हे मला आज आठवत नाही. आठवते ते इतकेच की, त्या माणसाने वीस वर्षांत मला जे शिकविले होते, ते पूर्वार्धभर मी विसरलो होतो, आणि त्याची आठवण करून देण्याचे कष्टही त्यालाच घ्यावे लागले.

घरात बसून सामना पाहिला असता तर मी बरा मनुष्य ठरलो असतो; कारण मला कोणत्याच बाजूला उभे राहावे लागले नसते. पण मग चाचांनाही वळसा घालून माझ्याकडे येता आले नसते.

हे दिवस सगळीकडेच गेले असेही नाही. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा २००१ नंतर भरली नाही, हे खरे. परंतु कोल्हापुरास जाऊन पाहावे. तेथील फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढलेला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि अख्ख्या पेठा त्यांच्यामागे लोटतात. मी एकदा नातलगांकडे गेलो असता तो सोहळा पाहिला. माझ्या पुढच्या पायरीवर एक आजोबा नातवाला खेळ समजावून सांगत होते. २०१७ मध्ये आपल्या देशात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा. जेथे संघ पेठेचा असतो, मैदान पायी जाण्याच्या अंतरावर असते आणि आजोबा नातवाला बरोबर नेतात, तेथे पडद्याची स्पर्धा असूनही सवय टिकते. आमच्याकडे या तिन्ही गोष्टी एकेक करून सुटत गेल्या.

चाचा आता हयात नाहीत. माझा नातू परदेशी संघांतील अकराही खेळाडूंची नावे न अडखळता सांगतो. गेल्या पावसाळ्यात मी त्याला घेऊन जवळच्या मैदानावर गेलो. शाळाशाळांतला साधा सामना होता, पंधरा-वीस माणसे पाहण्यास होती. त्याची मान चेंडूबरोबर इकडून तिकडे फिरत होती. मी त्याला चाचांचे वाक्य, त्यांच्याच भाषेत, सांगितले. तो हसला. अर्थ कळण्यास त्याला वेळ लागेल. श्रोतेहो, आपणही या पावसाळ्यात एकदा घरातल्या मुलाला घेऊन जवळच्या मैदानावर अर्धा सामना उभ्याने पाहावा, आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.