यवतमाळचे ऊन आणि गाडीची चामडी सीट

दहा-बारा वर्षे वापरलेली कोणतीही गाडी घ्या आणि चालकाच्या सीटची उजवी कड बघा. तिथला उंचवटा बसलेला असतो, रंग उडून चामड्याचे भुरकट तंतू वर आलेले असतात आणि शिवणीलगत एखादी चीर पडलेली असते. बाकीची सीट त्या मानाने धड असते. आपल्याकडे चालक उजवीकडून चढतो-उतरतो आणि दर वेळी याच कडेवरून घसरत आत जातो. खिशातली किल्ली, पट्ट्याचे बक्कल, जीन्सची जाड शिवण, सगळे तिथेच घासते. सीट जुनी झाली म्हणून लोक हळहळतात, पण खरे तर तिची हातभर जागाच झिजलेली असते.

यवतमाळ जिल्ह्यात या झिजेला ऊन हातभार लावते. मे महिन्यात यवतमाळ, वणी, पांढरकवडा या भागांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीतली हवा तासाभरात ६० अंशांपलीकडे जाते आणि जिथे थेट ऊन पडते ती सीट त्याहूनही तापते. चांगल्या चामड्यात वजनाच्या साधारण १२ ते १४ टक्के ओलावा असतो, शिवाय कमावताना त्यात तेल मुरवलेले असते. त्या दोन्हींमुळे आतले तंतू एकमेकांवरून सरकतात आणि चामडे न तुटता वाकते. कोरड्या उन्हाने ओलावा जातो, घामातले मीठ वरचा थर कमजोर करते आणि धूळ तो खरवडते. वणीकडच्या कोळसा पट्ट्यात ही धूळ काळी असते, तर कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर ती रुईच्या तंतूंसह आत येते. महिनोन्‌महिने न पुसलेल्या सीटवर बसणे म्हणजे ती रोज घासणेच.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे वरून रेक्झिनचे तयार कव्हर चढवणे. मला तो मुळीच पटत नाही. खालचे चामडे झाकले जाते, पण सुधारत नाही. घाम आणि पावसाळी दमट हवा दोन थरांमध्ये अडकते आणि वर्षभराने कव्हर काढले तर खाली बुरशीचे डाग निघतात. दुसरे कारण जिवाशी संबंधित आहे. अनेक गाड्यांमध्ये बाजूच्या धडकेत उघडणारी एअरबॅग सीटच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला बसवलेली असते. त्या जागची शिवण मुद्दाम अशा धाग्याने घातलेली असते, की बॅग फुगताच ती क्षणार्धात फाटावी. तिच्यावर जाड कव्हर आले किंवा ती शिवण कुणी मजबूत नायलॉनने पुन्हा घातली, तर बॅग उशिरा किंवा भलत्या दिशेने उघडू शकते. पाठीच्या कडेला ‘एअरबॅग’ असे छापलेले लहानसे लेबल असेल, तर पाठीच्या त्या कव्हरला घरी हात लावू नये, ते काम कंपनीच्या वर्कशॉपचेच आहे. बैठकीचे कव्हर मात्र काळजी घेऊन काढता येते आणि झीज बहुधा तिथेच असते.

आधी सीट कशाची आहे ते ओळखावे. ‘लेदर सीट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत निव्वळ कृत्रिम चामडे असते. महागड्या गाड्यांतही अनेकदा बसण्याच्या आणि टेकण्याच्या भागालाच खरे चामडे असते, बाजू आणि पाठीमागचा भाग कृत्रिम असतो. चीर पडली असेल तर तिच्यात डोकावून बघा. आत विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन, मऊ, गुंतलेले, लवदार तंतू दिसले तर चामडे. पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटत असतील तर ते पॉलियुरेथेनचे कृत्रिम चामडे आहे. त्यावर रंग, मलम, तेल काहीही लावले तरी पैसे फुकट जातात, तो तुकडा बदलावाच लागतो.

रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीचे व्यापारी नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते बनत असे. पुढे लेप पीव्हीसीचा झाला, नाव मात्र टिकले. आपल्याकडच्या हूड-कुशनवाल्यांचे हात याच मालावर बसले. आधी अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी, मग काळी-पिवळी जीप, ऑटो, ट्रॅक्टर आणि बुलेटच्या सीटा. तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ किंवा गॅरेजच्या ओळीत असा एक तरी कारागीर सापडतो. तो शिवण्यात पटाईत असतो, पण खऱ्या चामड्याशी त्याचा संबंध क्वचितच आलेला असतो. म्हणून मालकाला थोडी माहिती असणे गरजेचे आहे.

नुसता रंग उडाला असेल आणि चामडे फाटले नसेल, तर सीट गाडीतून काढायचीही गरज नाही. सौम्य साबणाच्या फेसाने आणि मऊ ब्रशने मळ काढावा, कोरडे होऊ द्यावे, उभे राहिलेले तंतू बारीक सँडपेपरने हलकेच बसवावेत. लहान चिरेत मागच्या बाजूने कापडाची पट्टी सरकवून चिकटवावी, वर लवचीक फिलर भरावा. मग चामड्यासाठीच बनवलेला पाण्यातला रंग स्पंजाने द्यावा. पातळ हात अनेक द्यावेत, जाड हात एकही देऊ नये, कारण जाड थर पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. शेवटी संरक्षक थर द्यावा. खोबरेल किंवा एरंडेल चोळण्याचा घरगुती सल्ला इथे कामाचा नाही. गाडीच्या चामड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो, तेल आत मुरत नाही, वर राहून धूळ धरते.

चामडेच फाटले असेल, शिवण उघडली असेल किंवा आतला फोम चुरला असेल, तर सीट बाहेर काढावी लागते. प्रथम बॅटरीची ऋण तार काढून गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. सीटखालचे प्लग, विशेषतः पिवळ्या रंगाचे, ओढाताण न करता सोडवावेत आणि ते सुटे असताना इग्निशन सुरू करू नये. सीट सहसा चार बोल्टवर उभी असते. सीट बेल्टचे बक्कल अनेक गाड्यांत सीटच्या सांगाड्यालाच जोडलेले असते. त्यामुळे हे बोल्ट परत लावताना अंदाज चालत नाही, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच ते आवळावे लागतात.

सीट उलटी केली की कव्हर कशाने धरले आहे ते दिसते. कडेला प्लास्टिकच्या पट्ट्या खोबणीत अडकवलेल्या असतात आणि मधल्या खोलगट रेषांत कव्हरला शिवलेली तार फोममधल्या तारेशी लोखंडी रिंगांनी बांधलेली असते. त्या रिंगा पकडीने कापून काढाव्यात, जोडताना नव्या घालाव्यात. काढण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा.

आता उसवणे. या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आणि इथे घाई केली की पुढचे सगळे बिघडते. जुने कव्हर हाच तुमचा फर्मा असतो. प्रत्येक तुकड्याच्या मागे क्रमांक आणि पुढची दिशा लिहावी, दोन तुकडे जिथे भेटतात तिथे दर चार-पाच इंचांवर दोघांवर मिळून एक आडवी खूण करावी आणि मगच टाके ब्लेडने कापावेत. शिवण उघडली की आतली दुमडलेली कड दिसते. तिथे ऊन कधी पोचलेले नसते, म्हणून गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा असतो. रंग जुळवायचा तर नमुना इथूनच घ्यावा. तुकडा कागदावर सपाट ठेवून आखावा आणि आधीची माया होती तेवढीच धरावी. ताणून सैल झालेला तुकडा तसाच आखला, तर नव्या कव्हरलाही झोल येतो. त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या न झिजलेल्या सीटचा तुकडा मिळाला तर तो उलटा करून फर्मा म्हणून वापरणे उत्तम.

चामडे मीटरवर नाही, चौरस फुटावर मिळते आणि त्याचा आकार जनावराचा असतो, त्यामुळे बराच भाग वाया जातो हे धरून घ्यावे. पाठीच्या कण्यालगतचे चामडे घट्ट असते, पोटाकडचे ताणते. बैठकीला आणि कडेला कण्याकडचे वापरावे, न दिसणाऱ्या बाजूंना पोटाकडचे. मुंबईत धारावीत चामडे सुटे मिळते. घेताना क्रोम पद्धतीने कमावलेले, गाडीसाठी फिनिश केलेले, एक ते दीड मिलिमीटर जाडीचे मागावे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. चपलेला ते नामी, पण गाडीच्या उष्णतेत ते लवकर कडक होते आणि काळवंडते. क्रोमने कमावलेले चामडे उष्णता कितीतरी जास्त सोसते. ही पद्धत भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये अल्फ्रेड चॅटर्टन यांनी आणली आणि चामड्यावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९४८ पासून त्याच शहरात आहे.

शिवण घरच्या साध्या मशीनवर घालू नये. चार थर एकत्र आले की सुई अडकते आणि चामड्यात पडलेले भोक बुजत नाही, चुकलेली टीप कायमची दिसते. म्हणून टाचण्या लावू नयेत, चिमट्यांनी धरावे. टाका तीन-चार मिलिमीटरचा हवा, कारण बारीक टाक्यांच्या भोकांवरच चामडे फाटते. सुती दोरा घामाने कुजतो. नायलॉन मजबूत असतो, पण उन्हात पॉलिएस्टर जास्त टिकतो, त्यामुळे आपल्या जिल्ह्यासाठी जाड पॉलिएस्टर दोराच योग्य. हे सगळे कुशनवाल्याला आधी सांगावे.

फोमचे काम घरीच करावे. बहुधा कडेचा तुकडाच चुरलेला असतो. तो सरळ कापून तिथे मूळ फोमपेक्षा किंचित घट्ट फोम चिकटवावा आणि कडा घासून उतरत्या कराव्यात. स्प्रिंगवर फोम टेकतो तिथे जाड गोणपाट घालण्याची जुन्या कारागिरांची रीत आजही सर्वांत चांगली. चिकटवण मात्र उष्णता सोसणारे घ्यावे. साधे चिकटवण उन्हाळ्याच्या उष्णतेत सुटू शकते. दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासे झाल्यावर दाबावे. काम उघड्यावर करावे, जवळ विडी-काडी नको.

नवे कव्हर उशीच्या अभ्र्यासारखे उलटे करून चढवावे. मधल्या खोल रेषांच्या रिंगा आधी, मग पुढची-मागची कड, बाजू शेवटी. चामडे थंड आणि ताठ असेल तर थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावे. उरलेल्या सुरकुत्या केस वाळवण्याच्या यंत्राने दुरून उष्णता देत हाताने सारून बसवाव्यात.

या कामासाठी दिवाळी ते संक्रांत हा काळ धरा. हवा कोरडी असते, रंग आणि चिकटवण नीट वाळते आणि मार्चचे ऊन येण्याआधी शिवण जागेवर बसते. काढणे, उसवणे, फोम आणि चढवणे घरी करा, मशीनची शिवण गावातल्या कुशनवाल्याकडून करून घ्या आणि एअरबॅगच्या शिवणीला कोणालाही हात लावू देऊ नका. पूर्ण सीट बदलायला निघाला असाल तर आधी ती उजवी कड तपासा. बहुतेक गाड्यांत तेवढे दोन तुकडे बदलले की काम होते.