लेसरने चष्म्याचा नंबर उतरवताना

चष्म्याचा नंबर उतरवणारी लेसर शस्त्रक्रिया डोळ्याच्या एकाच भागावर होते. तो भाग म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, पारपटल. मध्यभागी त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे बरेचसे काम हाच पडदा करतो. त्यामुळे त्याची वक्रता जराशी बदलली, की किरण दृष्टिपटलावर नेमके पडतात आणि चष्म्याविना स्पष्ट दिसू लागते. उणे नंबर असेल तर पडद्याचा मधला भाग थोडा चपटा करतात.

कोरण्याचे हे काम बहुधा एक्सायमर लेसर करतो. 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील किरण शेजारची ऊती न भाजता अतिशय पातळ थर उडवतो. हे 1981 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. श्रीनिवासन मद्रास विद्यापीठात शिकलेले. पहिला प्रयोग झाला तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर.

पद्धती मुख्यतः तीन. लॅसिकमध्ये पारपटलाचा वरचा पातळ पापुद्रा कापून बाजूला उलटतात, खालचा भाग लेसरने कोरतात आणि पापुद्रा परत बसवतात. पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो. वरचा पेशीथर काढून थेट पृष्ठभागावर लेसर चालवतात. स्माईलमध्ये पारपटलाच्या आतच एक बारीक चकती कापून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. जाहिरातींत याशिवाय बरीच आकर्षक नावे दिसतात. ती बहुतेक या तिन्हींचीच सुधारित रूपे असतात, तेव्हा नावापेक्षा आपल्या डोळ्याला कोणती पद्धत मानवेल, एवढेच विचारावे.

ही शस्त्रक्रिया नाशिकमध्येच होत असल्याने त्यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागत नाही. सोय जवळ आली, की घाईही येते. खरा निर्णय मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही, तपासणीत होतो. वय 18 पूर्ण हवे आणि नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आठवडा-दोन आठवडे आधीपासून बंद ठेवाव्या लागतात, कडक लेन्स त्याहून अधिक काळ. नाहीतर पारपटलाचे मोजमापच चुकते. मग यंत्रावर पडद्याचा नकाशा काढतात, जाडी मोजतात, अश्रूंचे प्रमाण पाहतात, आणि थेंबांनी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासतात.

जाडीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एक नंबर उतरवायला साधारण 14 मायक्रॉन ऊती खर्च होते. पडदा 540 मायक्रॉनचा आणि नंबर उणे 6 असेल, तर पापुद्र्याचे 110 आणि कोरण्याचे 85 वजा जाता 345 उरतात. खाली किमान 250 उरावेत असा संकेत आहे, त्यामुळे हा डोळा बसतो. पडदा 480 चा आणि नंबर उणे 9 असेल, तर शिल्लक 250 च्या खाली जाते. अशा वेळी चांगला डॉक्टर लेसरला नकार देतो आणि हवे तर डोळ्यात बसवायच्या लेन्सचा पर्याय सुचवतो. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याचा केराटोकोनस हा आजार, डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा, गरोदरपण, स्तनपान, अनियंत्रित मधुमेह आणि संधिवातासारखे काही स्वप्रतिकारक आजार असतील, तरीही लेसर टाळतात किंवा पुढे ढकलतात.

नोकरीचा विचारही आधीच करावा. देवळाली आणि भोसला सैनिकी शाळेच्या या गावात लष्करी स्वप्ने पाहणारी मुले कमी नाहीत. सैन्यदलांत शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर गेलेला काळ आणि उरलेली जाडी यांचे नियम पदागणिक वेगळे असतात. रेल्वेत साहाय्यक लोको पायलटच्या भरतीत तर लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. मनमाड-इगतपुरीच्या तरुणांनी भरतीची जाहिरात वाचून मगच डोळ्याला हात लावू द्यावा.

शस्त्रक्रियेला इंजेक्शन लागत नाही, फक्त भुलीचे थेंब घालतात. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. त्याचा ताण जाणवतो. पापुद्रा करताना डोळ्यावर कडी बसते, दाब येतो आणि काही सेकंद समोर अंधार होतो. घाबरायला होते ते नेमके इथे, म्हणून हे आधी माहीत असलेले बरे. मग समोरच्या दिव्याकडे पाहत राहायचे. यंत्राची टकटक ऐकू येते आणि केस जळल्यासारखा वास येतो. तो उडालेल्या ऊतीचा असतो, डोळा भाजल्याचा नव्हे. रुग्ण किंचित हलला तर यंत्र डोळ्याचा माग ठेवते आणि फारच हलला तर थांबते. दोन्ही डोळे मिळून साधारण अर्ध्या तासात उरकते.

भूल उतरली की कांदा चिरताना होते तशी चरचर सुरू होते. पाणी गळते, उजेड सहन होत नाही. लॅसिक आणि स्माईलमध्ये हा त्रास बहुधा चार-सहा तासांत ओसरतो आणि दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी दिसते. पीआरकेचे तसे नाही. तीन-चार दिवस चांगलेच दुखते, डोळ्यावर पट्टीसारखी लेन्स ठेवावी लागते आणि नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. त्रास एकाएकी वाढला, डोळा लाल झाला किंवा नजर पुन्हा अंधुक झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रतिजैविक आणि स्टेरॉइडचे थेंब सांगितले तितकेच दिवस घालायचे. स्टेरॉइड मनाने लांबवले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळे चोळायचे नाहीत, कारण पापुद्रा सरकू शकतो. पहिले काही आठवडे गोदावरीतले स्नान, पोहण्याचा तलाव आणि द्राक्षबागेतली फवारणी वर्ज्य. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी घेण्याचा बेत असेल, तर शस्त्रक्रिया त्यानंतरच करावी. दुचाकीवर साधा चष्मा किंवा काच असलेले हेल्मेट हवेच.

सर्वाधिक आढळणारी तक्रार म्हणजे कोरडेपणा. पारपटलातल्या बारीक नसा कापल्या जातात आणि त्या पुन्हा वाढेपर्यंत डोळ्याला अश्रूंची गरजच नीट कळत नाही. बहुतेकांचे हे तीन ते सहा महिन्यांत निवळते, काहींना कृत्रिम अश्रू कायम लागतात. दुसरी तक्रार रात्रीची: दिव्यांभोवती वलये, समोरून येणाऱ्या प्रकाशाची झगमग. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पाहणीत, आधी असा कोणताही त्रास नसलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी एखादे तरी नवे दृश्य लक्षण जाणवत होते; रोजची कामे फार अवघड झाली असे सांगणारे मात्र एक टक्क्याहूनही कमी होते. रात्री कसारा घाटातून गाडी चालवणाऱ्याने हा आकडा मनात ठेवावा.

कधी नंबर पूर्ण उतरत नाही किंवा काही वर्षांनी थोडा परततो. जंतुसंसर्ग विरळा, पण गंभीर. सगळ्यात धास्तीचा धोका म्हणजे पातळ झालेले पारपटल हळूहळू पुढे फुगणे. तो क्वचितच उद्भवतो, आणि बव्हंशी जिथे तपासणीत ढिलाई झाली तिथे.

चाळिशी लेसरने टळत नाही. जवळचे वाचायला चष्मा लागतोच. मोठ्या उणे नंबराचा डोळा आतून लांबट असतो आणि शस्त्रक्रियेनंतरही तसाच राहतो, म्हणून दृष्टिपटलाची तपासणी वरचेवर हवी. पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्यातला दाब प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो, त्यामुळे काचबिंदूची तपासणी करणाऱ्याला लेसर झाल्याचे सांगावे. पुढे मोतीबिंदू झाला, तर लेन्सचा नंबर काढताना शस्त्रक्रियेपूर्वीचे मोजमाप डॉक्टरांच्या उपयोगी पडते. ते कागद मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत.