सायकलच्या ब्रेकचं रबर बदलताना

पाऊस सरला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. माढा, माळशिरस, पंढरपूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्याच रस्त्यानं आपल्या लेकी सायकलवर शाळेला जातात, आपण डेअरीला दूध घालायला जातो. उजनी कालव्याच्या पुलावरून सायकल उताराला लागते आणि खाली रस्त्यावर ट्रॉली दिसते. त्या क्षणी भरवसा असतो तो बोटभर रबरावर. म्हणून आज त्याच्याविषयी बोलू.

आधी जुनं रबर बघा. त्यावर खाचा असतात. त्या पुसल्या गेल्या, की रबर बदलायची वेळ झाली. ब्रेक दाबताना खर्र आवाज आला, तर रबर संपून आतला पत्रा रिमला घासत असेल. अशी सायकल रस्त्यावर काढू नका. कधी रबर जाड दिसतं, पण उन्हानं दगडासारखं कडक झालेलं असतं. तेही धरत नाही.

आता नवं निवडू. पहिली गोष्ट ब्रेकची जात. जुन्या घडणीच्या सायकलला दांड्याचा ब्रेक असतो. त्याचं रबर आऱ्यांच्या बाजूनं रिमला दाबतं. वायरच्या ब्रेकचं रबर रिमच्या दोन्ही कडांना चिमट्यासारखं धरतं. जाड टायरच्या पोरांच्या सायकलींना बऱ्याचदा दोन लांब हातांचा ब्रेक असतो. त्याचं रबर लांबट, सुमारे ७ सेंटीमीटरचं असतं. एकाचं रबर दुसऱ्याला चालत नाही. म्हणून दुकानात जाताना जुनं रबर काढून सोबत न्या, नाहीतर सायकलच न्या. "कुठलंही द्या" असं म्हणू नका.

दुसरी गोष्ट मऊपणा. नखानं दाबून बघा. किंचित दबून परत वर आलं, तर ते चांगलं. फार कडक रबर जास्त दिवस टिकतं, पण ते घसरतं. आपल्याला टिकणारं नको, थांबवणारं हवं. भेगा पडलेलं घेऊ नका. एका चाकाची दोन्ही रबरं एकदमच बदला, नाहीतर एकच बाजू धरते.

तिसरी गोष्ट बसवण्याची दिशा. काही रबरं पत्र्याच्या खोबणीत सरकवलेली असतात. खोबणीचं एक तोंड उघडं, एक बंद असतं. चाक ज्या दिशेनं फिरतं, त्या दिशेला बंद तोंड हवं. उलटं बसलं, तर जोरात ब्रेक दाबताच रबर निसटून बाहेर पडतं. मिस्त्रीनं बसवलं तरी हे स्वतः बघा. रबर फक्त रिमला लागलं पाहिजे. वर टायरला घासलं तर टायर कापतो. खाली घसरलं तर आऱ्यांत अडकून चाक जाम होतं. सोडलेल्या ब्रेकमध्ये रबर आणि रिम यांच्यात नाण्याच्या जाडीएवढी फट पुरे.

नवं रबर बसलं, की आधी पायी चालत सायकल ढकला आणि एकेक ब्रेक दाबून बघा. चाक अडलं पाहिजे. ब्रेकचा दांडा पार हँडलला टेकत असेल, तर वायर ताणून घ्या.

रिमला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. लागला तर साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. ओली लोखंडी रिम लगेच धरत नाही. पावसात आधीच हलका ब्रेक दाबून पाणी पुसून घ्या, मग नीट दाबा. उताराला दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबा. नुसता पुढचा जोरात दाबला तर सायकल उलटते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला जागा जवळजवळ चौपट लागते. मागं दुधाची किटली असेल तर आणखी जपून.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला सगळ्याजणी सायकली घेऊन या. एक पाना आणा आणि एकमेकींच्या सायकलींचं रबर बघा. लेकीलाही शेजारी बसवा. आपली सायकल थांबते की नाही, हे तिचं तिला कळायला हवं.