दोन पायल्यांचा हिशेब

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुनं घर पाडायला घेतलं की त्याची खबर सोयऱ्यांच्या आधी भंगारवाल्याला लागते. छपरावरचे कवेलू उतरायच्या आत त्याचा ठेला दारात उभा असतो. माळ्यावरून गंज, गडवे, गुंड खाली येतात, काट्यावर चढतात, पितळेचा भाव ठरतो आणि तीन पिढ्यांचा संसार दुपारच्या जेवणाआधी घराबाहेर पडतो. अडगळ गेली, वर चार पैसे आले, म्हणून घरचे समाधानी!

भिंत पाडताना मात्र हीच माणसं डोळ्यांत तेल घालून उभी असतात. न जाणो, हंडा निघाला तर? हा मुलूख पडला गोंडराजांचा. चंद्रपूरचा परकोट, बल्लारपूरचा किल्ला, वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणी यांच्या गोष्टी ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. जाड भिंत दिसली की आत काहीतरी असणारच, असं आम्हांला वाटतं. गुप्तधनाच्या या नादानं जुन्या वास्तूंचे पाये उकरले गेले आणि भोंदूंची घरं भरली. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यंही गुन्हा ठरली, ती उगीच नाही. आणि खरोखरच हंडा निघालाच, तर १८७८चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते गुपचूप वाटून घेता येत नाही.

पण हंडा हजारांत एखाद्या घरात निघतो. घराघरांत निघतं ते धन वेगळंच असतं, आणि ते ओळखायला म्हातारं माणूस जवळ असावं लागतं.

आरमोरीकडचं माझ्या मामांचं घर असंच रिकामं केलं. घर एकेकाळी मालगुजाराचं. १९५१ साली मालगुजारी गेली, ओसरी तेवढी रुंद राहिली. वाटण्या झाल्या, स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. धानाच्या ढोलीमागून पितळेच्या दोन पायल्या निघाल्या, एकीत एक बसवलेल्या. नागपूरच्या मामेभावाला त्यातली मोठी आवडली. चकाकी आणून दिवाणखान्यात ठेवू, फुलं छान दिसतील, म्हणाला. लहान भंगारात चालली होती.

खाटेवर बसलेली मोठी मामी तेव्हा बोलली. वय पंच्याऐंशीच्या पुढे. म्हणाली, "दोन्ही संगंच ठेवा. लहानीनं द्याचं, मोठीनं घ्याचं. नवी सून होती तवा मीच मापून देत होती."

ओसरी गप्प झाली. आषाढात ज्यांच्या घरातलं धान सरायचं, त्यांना या घरातून धान मिळे ते लहान पायलीनं. पीक आल्यावर ते परत यायचं मोठ्या पायलीनं, वर वाढीदिढी वेगळी. मालगुजारी गेल्यावरही हा व्यवहार काही वर्षं चालूच होता. १९५८ पासून हळूहळू मेट्रिक मापं आली, तेव्हा पायल्या ढोलीमागे गेल्या.

थोरला मामेभाऊ उसळला. असली वस्तू घरात नकोच, लोक काय म्हणतील? धाकट्याचं म्हणणं, लोकांना सांगतंय कोण? बराच वेळ वाद झाला. शेवटी थोरल्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं आजीजवळ बसून सगळं विचारलं, कागदावर उतरवलं आणि तो कागद आतल्या पायलीत ठेवला. पायल्या आता तिच्याकडे आहेत.

पितळ म्हणून मोजलं तर तो दोन-तीन किलोंचा सौदा. एकटी मोठी पायली ही शोभेची वस्तू. दोन्ही पायल्या आणि मामीचे शब्द एकत्र ठेवले, तर तो साऱ्या गावाचा हिशेब आहे.

साध्या वस्तूंचं हे मोल पुण्याच्या दिनकर केळकरांनी फार आधी ओळखलं होतं. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारा हा माणूस १९२०च्या सुमारापासून जुन्या वाड्यांचे उंबरे झिजवत राहिला. अडकित्ते, दिवे, दौती, खेळणी, स्वयंपाकघरातली भांडी असं त्यांनी जमवलं. अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं आणि वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भाचं. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात आली आणि राज्य सरकारनं सुमारे ४७ लाख रुपयांना ती परत मिळवली. अठराव्या शतकात चांद्याचं राज्य ज्यांनी नागपूरला जोडलं, तेच हे पहिले रघूजी. त्या पात्यावर सोन्यात देवनागरी अक्षरांनी त्यांचं नाव कोरलेलं आहे. ते नाव नसतं, तर ती अनेक जुन्या तलवारींपैकी एक ठरली असती.

आपल्या घरच्या वस्तूंवर नावं नसतात. ती घरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतात.

म्हणून घर आवरताना घाई नको. राणीछाप रुपये निघाले तर चिंच लावून घासू नका, घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. असा रुपया एक तोळ्याचा, बारापैकी अकरा भाग चांदीचा. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, तेव्हा साल पाहिल्याशिवाय सोनाराकडे जाऊ नका. जुन्या नोटेला लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असं कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावानं सांगितलं तर फोन ठेवून द्या. बँकेनंच २०२१ साली याबद्दल सावध केलं आहे. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती किंवा पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं महत्त्वाचं हस्तलिखित कायद्यानं पुरावस्तू ठरू शकतं. ते परदेशी पाठवता येत नाही, आणि काही प्रकारांची नोंदणी पुरातत्त्व खात्याकडे करावी लागते.

आणि रद्दी चाळल्याशिवाय देऊ नका. झाडीपट्टीत घरोघरी दंडारीचे, नाटकांचे कलावंत होऊन गेले. संवाद-गाण्यांच्या त्यांच्या वह्या पेटीच्या तळाशी असतात. आज वडसा ही या रंगभूमीची पेठ आहे, २०२३ साली परशुराम खुणे यांच्या रूपानं तिला पद्मश्रीही मिळाली. पण तेलकट वहीतलं आजोबांचं अक्षर किलोच्या भावानं गेलं, की ते पुन्हा मिळायचं नाही.

आमच्या भागात तर अख्खी गावं घरं आवरतात. कोळशाच्या खुल्या खाणींसाठी गावं उठतात. ताडोबातली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं गेल्या दोन दशकांत जंगलाबाहेर वसली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल तेवढंच सोबत येतं, आणि काय मागं ठेवायचं हे एका दिवसात ठरवावं लागतं. त्या दिवशी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची खाट आधी अंगणात मांडा. प्रत्येक वस्तू त्यांच्या हातात द्या, ते काय सांगतात ते पोरांकडून लिहून घ्या. ठेला तासभर थांबेल. भंगारवाल्यालाही चहा द्या.